अभ्यासाला बसलेल्या रमाबाई

गोरेगाव म्हटलं की बहुतेकांना लोकलमधली अनाउन्समेंट आठवते. पण महाराष्ट्रात गोरेगावं एकापेक्षा जास्त आहेत, बरं का. एक रायगडमध्ये, एक गोंदियात आणि एक आपल्या हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. या तिसऱ्या गोरेगावातली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. जीएनएम झालेली, स्टाफ नर्स म्हणून नुकतीच लागलेली. ड्यूटी संपवून, एसटीनं घरी येऊन, जेवण उरकून ती रात्री मोबाइलवर ईसीजीच्या पट्ट्या बघत बसलीय. कारण पुढच्या महिन्यात तिचा एसीएलएसचा कोर्स आहे.

एसीएलएस म्हणजे ज्याचं हृदय बंद पडलंय किंवा पडायच्या बेतात आहे, अशा पेशंटवर करायच्या प्रगत उपचारांचं प्रशिक्षण. आयसीयूत किंवा कॅज्युअल्टीत काम करायचं, तर अनेक रुग्णालयं हे सर्टिफिकेट आहे का असं विचारतात. कोर्स साधारण दोन दिवसांचा, सर्टिफिकेट दोन वर्षांचं. पण खरी मेहनत त्या दोन दिवसांच्या आधीची. कोर्समध्ये कुणी अ आ इ ई पासून शिकवत नाही. ईसीजी वाचता येतो, औषधांचे डोस पाठ आहेत, हे गृहीत धरलेलं असतं. म्हणजे घरी बसूनच करायचा अभ्यास. आणि घरी अभ्यास म्हटलं की घरच्यांचे प्रश्न आलेच. नोकरी लागली ना, आता कसली परीक्षा? एवढी फी कशाला? लग्नाचं काय?

या मुलीच्या दीडशे वर्षं आधी एक मुलगी अशीच घरच्यांच्या नजरा चुकवत रात्री अभ्यासाला बसायची. तिच्यामुळे पुढे पुण्यात कितीतरी बायका नर्सिंग शिकल्या. तुम्ही तिला ओळखता. शाळेत असताना तुम्ही ‘उंच माझा झोका’ ही मालिका पाहिली असेल, तर नक्कीच ओळखता. पण त्यात लहानपणीची चुणचुणीत रमा जास्त लक्षात राहिली. आज बोलूया ते त्यानंतरच्या रमाबाई रानडेंबद्दल. नर्सेस डेच्या पोस्टरवर फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा असतो, आणि तो असायलाच हवा. पण शेजारी रमाबाईंचा फोटो फारसा दिसत नाही.

यमुनेची रमा

जन्म १८६२चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. (यशवंतराव चव्हाणांचं जन्मगावही हेच.) माहेरचं नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. घरात मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, त्यामुळे अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

नवरा कोण, तर महादेव गोविंद रानडे. मुंबई विद्यापीठाचे नामवंत पदवीधर, पुण्यात न्यायाधीश, समाजसुधारक. वय एकतीस. पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसानं आता विधवेशीच लग्न करावं, अशी लोकांची अपेक्षा होती. त्यांनी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते, आणि ती रास्त आहे. आज हा प्रकार थेट गुन्हा ठरला असता. रमाबाईंची गोष्ट सांगताना हे झाकून ठेवायचं कारण नाही.

लग्न झाल्याबरोबर रानडेंनी बायकोला शिकवायला घेतलं. पाटी, पेन्सिल, बाराखडी. मग मराठी शिकवायला शिक्षिका आल्या. पुढे इंग्रजी सुरू झालं. पुण्यात मिस हरफर्ड नावाच्या बाई इंग्रजी शिकवायला येऊ लागल्या.

ऐकायला हे छान वाटतं. पण ते घर कसं होतं बघा. भरपूर माणसं, त्यात सासू, नणंद आणि इतर नातलग बायका. दिवसभर घरकाम, सोवळंओवळं, सणवार. त्यात ही सून पुस्तक हातात घेते, परक्या मडमेकडून इंग्रजी शिकते, हे कुणाला पटणार? टोमणे रोजचे. नवऱ्याला कुणी काही म्हणायचं नाही, सगळं तिच्यावर निघायचं. तिनं उलट उत्तर दिलं नाही आणि अभ्यासही सोडला नाही. रात्री सगळे झोपले की दिवा आणि पुस्तक. यातलं बरंचसं तिनं स्वतःच पुढे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवलं. ते १९१०मध्ये आलं आणि मराठीतल्या महत्त्वाच्या आत्मकथनांमध्ये गणलं जातं.

इथे थोडं थांबूया. न भांडता गप्प राहणं आपल्या पिढीला पटत नाही. तिनं ठणकावून सांगायला हवं होतं, असं वाटतं. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला, जिचं माहेर दूर आहे आणि जिच्या हातात एक पैसाही नाही, तिला भांडून काय मिळालं असतं? बहुधा पुस्तक बंद झालं असतं. तिनं पुस्तक वाचवलं. बोलायचं राखून ठेवलं.

बोलायला शिकणं

१८७८मध्ये रानडेंची नाशिकला बदली झाली. मोठ्या घरापासून दूर, संसार दोघांचाच. तिथे अभ्यासाला मोकळीक मिळाली. चारचौघांत उभं राहून बोलण्याची पहिली वेळही नाशिकलाच आली. ते भाषण रानडेंनी लिहून दिलेलं होतं, तिनं ते म्हटलं. सुरुवात अशीच होते. दुसऱ्यानं लिहिलेलं पाठ करून, थरथरत.

मग पुणे. १८८२मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या. त्यावरून घरात पुन्हा वादळ. याच काळात पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं अशी मागणी पुढे आली. मुंबईच्या गव्हर्नरांपुढे ही मागणी मांडणारं निवेदन इंग्रजीतून वाचून दाखवलं, ते रमाबाईंनी. भर सभेत, साहेबांसमोर, साहेबाच्या भाषेत. १८८४मध्ये ते हायस्कूल उभं राहिलं. तेच आजचं हुजूरपागा. घरी परतल्यावर कौतुकाऐवजी काय ऐकायला मिळालं असेल, ते सांगायला नको.

म्हणजे दहा-अकरा वर्षांत ही मुलगी बाराखडीपासून गव्हर्नरपर्यंत पोहोचली.

ती रात्र

१८९३मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि दोघं मुंबईला आले. १९००च्या शेवटी त्यांची तब्येत ढासळली. दुखणं हृदयाचं. छातीत कळा यायच्या. दरवर्षी न चुकता ज्या सामाजिक परिषदेला जायचे, त्या परिषदेला, लाहोरला, त्या डिसेंबरात त्यांना जाता आलं नाही. १६ जानेवारी १९०१च्या रात्री त्यांचं निधन झालं. रमाबाई जवळच होत्या.

आता नर्सिंगच्या नजरेनं या तारखेकडे बघा. पेशंट हायकोर्टाचा न्यायमूर्ती. शहर मुंबई. पैसा, ओळखी, डॉक्टर, सगळं हाताशी. तरी करता येण्यासारखं फार काही नव्हतं. ईसीजी काढायचं यंत्र त्याच सुमारास हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोवेन हे शास्त्रज्ञ तयार करत होते. ते इतकं अवजड होतं की चालवायला पाच माणसं लागायची, आणि पेशंटला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागायचं. त्या शोधाला नोबेल मिळालं १९२४मध्ये. माणसाचं थरथरणारं हृदय विजेच्या धक्क्यानं पुन्हा ताळ्यावर आणणं पहिल्यांदा जमलं १९४७मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला, तेही छाती उघडून. आणि छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी दाबून रक्त फिरतं ठेवता येतं, हे बाल्टिमोरच्या डॉक्टर-इंजिनिअरांनी जगासमोर मांडलं ते १९६०मध्ये.

आज गोरेगावच्या त्या मुलीच्या मोबाइलवर हे सगळं आहे. मिनिटाला १०० ते १२० या वेगानं छाती दाबायची, खोली किमान ५ सेंटिमीटर. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण थकलेला हात नीट दाबत नाही. पट्टीवर कोणती लय दिसली तर शॉक द्यायचा आणि कोणती दिसली तर शॉकचा उपयोग नाही. ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. १९०१मध्ये मुंबईच्या बड्यातल्या बड्या डॉक्टरकडे जे नव्हतं, ते आज एका स्टाफ नर्सच्या डोक्यात आणि हातात असू शकतं. या कोर्सचा अर्थ एवढा मोठा आहे. सीव्हीमधली एक ओळ वाढते, ते वेगळं.

वाड्यातला वर्ग

रानडे गेले तेव्हा रमाबाई अडतिशीच्या होत्या. मूलबाळ नाही. मुंबई सोडून त्या पुण्याच्या जुन्या वाड्यात आल्या आणि वर्षभर जवळपास बाहेरच पडल्या नाहीत. त्या काळी विधवेनं पुढची तीस-चाळीस वर्षं अशीच काढावीत, असं अपेक्षितच होतं.

त्या बाहेर पडल्या. १९०४मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्यात त्यांचा पुढाकार होता. पुण्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला त्या जाऊ लागल्या. दवाखान्यातल्या पेशंटना फळं, फुलं, पुस्तकं घेऊन भेटू लागल्या. म्हणजे वॉर्ड त्यांनी आधी पाहुण्या म्हणून पाहिला. तिथला वास, तिथली माणसं, रात्री एकट्या पडलेल्या बायका, हे सगळं बघितलं.

१९०८मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल एक कल्पना घेऊन त्यांच्याकडे आले. बायकांसाठी एक संस्था काढायची आणि भारतीय स्त्रियांना नर्सिंग शिकवायचं. त्यातून मुंबईचं सेवासदन उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, १९०९मध्ये, गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं पुण्याचं सेवासदन निघालं. जागा? रमाबाईंचा स्वतःचा वाडा. ज्या रानडेंच्या घरी एका सुनेच्या हातातलं पुस्तक खुपत होतं, त्याच घराण्याच्या वाड्यात आता बायकांचे वर्ग भरू लागले.

लिहिणं-वाचणं, शिवणकाम, हस्तकला, शिक्षिका होण्याचं शिक्षण, असे वर्ग एकेक करून वाढत गेले. यात सगळ्यात अवघड होतं नर्सिंग. का, ते नीट समजून घ्या. शिकवायला निघालेल्या बाईला समाज एक वेळ सहन करत होता. पण नर्स? परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा. कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, विचारायचं नाही. रक्त, पू, मलमूत्र साफ करायचं. रात्रपाळी करायची. त्या वेळच्या पांढरपेशा घरांत नर्स हा शब्द जवळजवळ शिवीसारखा होता. नर्सिंग म्हणजे परदेशी नाहीतर ख्रिस्ती बायकांचं काम, हे ठरून गेलेलं.

तरी सेवासदनानं मुली पाठवल्या. पुण्याच्या ससून रुग्णालयात त्या नर्सिंग शिकू लागल्या. पण नुसता प्रवेश मिळवून भागत नाही, हे रमाबाईंना माहीत होतं. मुलगी दिवसभर वॉर्डात राबून टोमणे मारणाऱ्या घरी परतली, तर किती दिवस टिकेल? म्हणून वसतिगृहं. नर्सिंगच्या मुलींसाठी वेगळं, डॉक्टरकी शिकणाऱ्यांसाठी वेगळं. अभ्यासाला जागा, वेळेवर जेवण, सोबतीला तशाच मुली आणि पाठीशी एक माणूस. स्वतःला जे मिळालं नव्हतं, त्याची यादी करून त्यांनी ते दुसऱ्यांना दिलं, असं म्हणायला हरकत नाही.

आषाढी-कार्तिकीला त्या सेवासदनातल्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जायच्या, वारकरी बायकांच्या मदतीला. १९१३मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा तिथे मदतीला गेल्या. शिकलेलं वर्गात ठेवायचं नाही, जिथे गर्दी आहे आणि गरज आहे तिथे न्यायचं. नर्सी नामदेव किंवा औंढा नागनाथच्या यात्रेत आरोग्य पथकाच्या तंबूत बसलेल्या सिस्टर तुम्ही पाहिल्या असतील. ती वाट इतकी जुनी आहे.

एक गोष्ट मात्र रमाबाईंच्या नावावर टाकायला नको. आजाऱ्यांची सेवा महाराष्ट्रात त्यांच्यापासून सुरू झाली नाही. प्लेगच्या साथीत पेशंटची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १८९७मध्ये गेल्या, तेव्हा सेवासदन निघायला बारा वर्षं होती. रमाबाईंचं काम वेगळं. त्यांनी या सेवेला शिक्षण, वसतिगृह आणि पगाराच्या नोकरीची वाट जोडून दिली.

गॅलरीतले कॉलेजकुमार

आता एक प्रसंग, जो तुमच्या-आमच्याबद्दल आहे. सेवासदनाचा वार्षिक समारंभ. बक्षिसं वाटली जात होती. एका बाईचं नाव पुकारलं गेलं. ती विधवा होती. केशवपन झालेलं, जुन्या वळणाचं लुगडं. ती व्यासपीठाकडे निघाली आणि वरच्या गॅलरीतून हुर्यो सुरू झाली. शिट्ट्या, आरडाओरडा. गॅलरीत कोण होतं? कॉलेजचे विद्यार्थी.

रमाबाईंनी कार्यक्रम थांबवला नाही. आभार मानायला त्या शेवटी उठल्या आणि मग त्या गॅलरीशी बोलल्या. त्यांचा मुद्दा साधा होता. तुम्ही कॉलेजात शिकता, सुशिक्षित म्हणवता. एका क्रूर रूढीनं जिचे हाल केले, ती बाई जिद्दीनं शिकून बक्षीस घ्यायला येते, आणि तिच्याबद्दल तुम्हाला सहानुभूती वाटण्याऐवजी हसू येतं, तर तुमच्या शिक्षणाचा उपयोग काय? सभागृह चिडीचूप झालं.

आठवा, हीच ती मुलगी जी घरातल्या टोमण्यांना कधी उत्तर देत नव्हती. स्वतःसाठी ती बोलली नाही. विद्यार्थिनीसाठी बोलली, भर सभेत, आणि एकही शब्द वाया न घालवता.

एसीएलएसच्या तयारीत हेही शिकावं लागतं, बरं का. परीक्षेत डमीवर एक पूर्ण केस सोडवायची असते. प्रत्येकाला टीममध्ये एक काम. लीडरनं औषध सांगितलं की नर्सनं तो डोस मोठ्यानं परत म्हणायचा, दिल्यावर दिला असं पुन्हा सांगायचं. आणि लीडरनं चुकीचा डोस सांगितला तर? तर तिथल्या तिथे टोकायचं. समोर कितीही सीनियर डॉक्टर असला तरी. कोर्समध्ये हे शिकवतात, पण गावाकडून आलेल्या, मोठ्यांसमोर मान खाली घालायची सवय असलेल्या मुलीला हे औषधांच्या डोसपेक्षा जड जातं. तिथे गप्प बसलं तर पेशंट जातो. कधी गप्प राहायचं आणि कधी बोलायलाच हवं, हे रमाबाईंना कळलं होतं, ते असं.

शेवटची वर्षं

पुढे त्या मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी झगडल्या. मुंबई प्रांतात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झगडल्या, आणि १९२१मध्ये तो मिळालाही. १९२४मध्ये त्या गेल्या. तेव्हा एकट्या पुण्याच्या सेवासदनात वेगवेगळ्या विभागांत मिळून हजारावर बायका शिकत होत्या. १९६२मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं. सेवासदन आजही पुण्यात लक्ष्मी रोडवर उभं आहे. खरेदीला गेलात तर मान वर करून पाटी वाचा.

आता पुन्हा गोरेगाव. गावात कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर जिल्हा रुग्णालय हिंगोलीला, आणि मोठी केस असेल तर नांदेड. मधल्या रस्त्यात, मधल्या मिनिटांत, डॉक्टर असेलच असं नाही. नर्स असण्याची शक्यता जास्त. ती रात्री जागून काय वाचत होती, यावर त्या मिनिटांत बरंच काही ठरतं.

तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत अशी कुणी तयारी करत असेल, तर तिला प्रेरणादायी स्टेटस पाठवू नका. तिच्या ईसीजीच्या पट्ट्या हातात घ्या आणि एकेक दाखवून तिला ओळखायला लावा. डोस विचारा. चुकली की पुन्हा विचारा. तिच्या वाटची भांडी एक महिना तुम्ही घासा. आणि जमलं तर छाती दाबायला तुम्हीही शिका, त्यासाठी नर्स असावं लागत नाही. माणूस कोसळला, हाक मारून हलवून प्रतिसाद नाही, श्वास नाही, तर १०८ला फोन आणि छातीच्या मधोमध दोन हात. सिस्टर येईपर्यंत थांबायचं नाही.